मधुमेह आणि दृष्टीचें रक्षण

पूर्णगडाच्या तटावर उभें राहिलें असतां मुचकुंदीच्या मुखापलीकडे समुद्रांत गेलेल्या होड्या दूरवर दिसतात. त्या ज्यास स्पष्ट दिसतात, त्यास आपल्या डोळ्यांत कांहीं बिघाड असेल अशी शंकाही येत नाहीं. मधुमेही मनुष्याचा घात नेमका येथेंच होतो.

विद्यार्थिमित्रहो, डोळ्याच्या आंत मागील बाजूस दृष्टिपटल नांवाचा नाजुक पडदा असतो. त्यावर अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचें जाळें पसरलेलें आहे. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे या वाहिन्यांच्या भिंती दुर्बल होतात, जागोजागीं फुगतात व पाझरूं लागतात. कांहीं अजीबात बंद पडतात. मग नव्या, परंतु अगदीं कच्च्या वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव झाला म्हणजे दृष्टीपुढें एकाएकीं काळे ठिपके तरंगतात, किंवा पडदाच येतो. तोंपर्यंत डोळा दुखत नाहीं, खुपत नाहीं, आणि पुष्कळदां वाचतांही उत्तम येतें!

म्हणून डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी करावी व आंतील पटल तपासून घ्यावें, हाच खरा उपाय. १८५१ सालीं हेल्महोल्ट्स या जर्मन शास्त्रज्ञानें याकरितां यंत्र शोधिलें. आतां तर पटलाचें छायाचित्रही निघतें. प्रौढपणीं होणारा मधुमेह आढळतांच ही तपासणी करावी, व पुढें साधारणतः प्रतिवर्षीं. रोग वेळींच सांपडल्यास लेसरच्या किरणांनीं किंवा डोळ्यांत द्यावयाच्या इंजेक्शनांनीं बहुधा दृष्टि राखतां येते; गेलेली मात्र क्वचितच पूर्ण परत येते.

वडील मंडळींस अंधुक दिसूं लागलें कीं, "मोतीबिंदू असेल, पिकूं द्या," असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. मधुमेह्यास मोतीबिंदू लवकर होतो हें खरें. पण त्याच्या आड पटलाचा रोग वाढत असला तर? शिवाय हल्लीं मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाहीं. साखर एकदम चढली-उतरली म्हणजेही नजर बदलते. अशा वेळीं घाईनें चष्मा करणें म्हणजे पैसे पाण्यांत. "इन्शुलिननें डोळे जातात," हा समज तर फारच घातक! डोळ्यांचें नुकसान करते ती अंगांत मुरलेली साखर. तिच्या जोडीस रक्तदाब व तंबाखू असल्यास विचारावयासच नको.

गरोदर स्त्रीस पूर्वींपासून मधुमेह असेल, तर तिची नेत्रतपासणी अधिक वेळां व्हावी.

पालकांपैकीं कोणी याकरितां रत्नागिरीस जाणार असतील, तर त्यांनीं स्वतः मोटारसायकल हांकूं नये. बाहुली मोठी झाल्यावर कांहीं तास उन्हाचा त्रास होतो व जवळचें दिसत नाहीं. मोठ्या मुलानें किंवा मुलीनें बरोबर जावें; साखरेचे जुने कागद, औषधांची यादी व काळा चष्मा घ्यावा, आणि पुढील तपासणीची तारीख डॉक्टरांकडून तेथेंच लिहून घ्यावी.