पावसाचा अंदाज का हुकतो?



"मोबाईलवर पाऊस दाखवला म्हणून पाण्याची पाळी सोडली, अन् शिवारात टिपूस नाही," ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. अंदाज कसा बांधतात आणि नेमका कुठं हुकतो हे कळलं, तर पाणी, खत आणि तोडीचा निर्णय घेणं सोपं जाईल, म्हणून ही माहिती देत आहोत.

हवामानाचं गणित मोठ्या संगणकावर मांडतात. त्यासाठी जमिनीचे चौकोन पाडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे 2025 मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. आधीचा 12 किलोमीटरचा होता. सुधारणा मोठी खरी, पण 6 किलोमीटरचा चौकोन म्हणजे जवळजवळ 9 हजार एकर! वळवाचा ढग कित्येकदा याहून लहान असतो. एका रानात धो धो आणि बांधापलीकडं कोरडं, हे आपण सर्वांनी पाहिलंय. असा लहान ढग संगणकाला सुटा दिसत नाही. चौकोनात ढग किती, पाऊस किती, हे सूत्र लावून धरावं लागतं.

दुसरी अडचण थेंबाची. हवेतली वाफ धूळ, धूर, मीठ यांच्या बारीक कणांवर जमते, तेव्हा ढगाचा थेंब होतो. असे सुमारे दहा लाख थेंब एक झाले म्हणजे पावसाचा एक थेंब! कण फार झाले की तीच वाफ जास्त वाटेकऱ्यांत जाते. थेंब बारीक राहतात, एकमेकांत लवकर मिसळत नाहीत आणि पाऊस लांबतो. मिठासारखे मोठे कण मात्र पाऊस लवकर पाडायला मदत करतात. उंच ढगात बारीक थेंब वर जाऊन गोठतात व उष्णता सोडतात. त्यानं ढगाला किती जोर चढतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मग ते सूत्रात नेमकं बसणार कसं?

हाच अभ्यास करण्यासाठी याच संस्थेनं 2018 व 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या भागात 276 ढग निवडले. काहींत विमानातून क्षाराचे कण सोडले, काही तसेच ठेवले. कण सोडलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या दिशेला 100 चौरस किलोमीटरमध्ये सुमारे 18 टक्के जादा पाऊस आढळला. मात्र योग्य ढगच नसेल तर विमान काय करणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा अंदाज ऐकताना शब्द नीट ऐकावा. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या फार तर चौथाई केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे चौथाईहून जास्त, पण निम्म्यापर्यंत. 'तुरळक' ऐकून पाळी सोडली, तर चौघांतल्या तिघांचा ऊस तहानलेला राहण्याचा संभव. पाळी देऊन वर पाऊस आला तर एका पाळीचं पाणी व वीज वाया जाईल. भर उन्हात ताण बसला तर वाढ खुंटेल.

खताचं याउलट आहे. युरिया दोन दिवस थांबला तर बिघडत नाही, जोराच्या पावसात वाहून गेला तर पोत्याचे पैसे गेले. म्हणून जोरदार पावसाचा इशारा असेल तेव्हा खत थांबवावं. तोडीच्या दिवसांत इशारा असेल तर त्याच दिवशी गाडीत भरून निघेल एवढाच ऊस तोडावा. तोडलेला ऊस चिखलात अडकला की वजनही घटतं आणि उताराही.

थोडक्यात, अंदाज चुकला तर कोणत्या बाजूचं नुकसान जड, हे आधी पाहून निर्णय घ्यावा. आणि रानात साधा पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी, ही विनंती. चौकोन 9 हजार एकरांचा असला तरी पाळी आपल्याला आपल्याच रानाची ठरवायची आहे.