खल्ला, भाकरी आणि पाच धान्यांचा कायदा

पुण्यात १८७४ साली एक मराठी हगादा छापली गेली. हगादा म्हणजे पेसाह सणाच्या रात्री ज्यू घरांत वाचायची पोथी. तिच्या एका चित्रपानावर साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, करताना दिसतात. हात, बैठक आणि लुगडी सगळी इथली. कायदा मात्र जेरुसलेमचा: पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाकरी भाजायला गेली पाहिजे, आणि ते पीठ पाच ठरावीक धान्यांपैकीच एखाद्याचे हवे. गहू, बार्ली, स्पेल्ट, राय, ओट. या यादीत तांदूळ नाही.

तांदळाच्या मुलखात वसलेल्या समाजाच्या दृष्टीने ही मोठी गंमत आहे. कोकणातल्या या मराठी ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, जुनी गावे आजच्या रायगडात. नवगाव, किहीम, रोहे, पेण ही नावे त्यांच्या आडनावांतून आजही ऐकू येतात. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीदिवसाच्या, संध्याकाळी द्राक्षाच्या वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले शरबत पुढे येई आणि भाकरीवरचा आशीर्वाद चपातीवर किंवा पावावर म्हटला जाई. वेणी घातलेला, अंड्याने चकाकणारा खल्ला हा मध्य युरोपातल्या ज्यूंचा पाव. तो कोकणात जन्मला नाही. मुंबई-ठाण्याच्या आणि इस्राएलमधल्या मराठी घरांत तो बराच उशिरा आला.

पण वेणी हा धर्माचा भाग नाहीच. शब्बाथच्या ताटाला दोन अखंड भाकऱ्या लागतात, कारण वाळवंटात शुक्रवारी मान्ना हे दैवी अन्न दुप्पट मिळे, अशी कथा आहे. ‘खल्ला’ हे नावही मुळात कणकेतून काढून ठेवायच्या वाट्याचे. ज्यू धर्मशास्त्राच्या हिशेबाने त्रेचाळीस अंडी आणि एक पंचमांश एवढ्या मापाचे पीठ भिजवले तर तो वाटा काढणे बंधनकारक. आजच्या वजनात प्रचलित हिशेब साधारण सव्वा किलोपासून सुरू होतो. चौघांच्या घरात एवढे पीठ एका वेळी क्वचितच भिजते.

आता या घरात कुणाला सीलिअक आजार निघाला, तर?

गहू, बार्ली आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे अशा माणसाच्या शरीराची संरक्षणयंत्रणा त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. ‘गहू पचत नाही’ म्हणून हे सोडून देता येत नाही, आणि चिमूटभर पीठही चालत नाही. आजाराचे कारण गव्हात आहे हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सिद्ध केले. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिअक असलेली मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. डिके यांना आधीपासून असलेल्या संशयाला त्यातून बळ मिळाले. त्यांचा प्रबंध १९५०चा. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेत शंभरात साधारण सव्वा जणांना, तर दक्षिणेत हजारात एकाला हा आजार आढळला. त्याच पाहणीत उत्तरेतला गव्हाचा रोजचा खप दक्षिणेच्या कितीतरी पट निघाला.

म्हणजे ग्लूटेनमुक्त खल्ल्याचे कोडे खरे तर दोन वेगळी कोडी आहेत. एक पिठाचे, दुसरे कायद्याचे. पाककृती देणारे बहुतेकजण त्यांची सरमिसळ करतात.

पिठाचे कोडे समजून घ्यायला युरोपात जायची गरज नाही. रोश हशाना, म्हणजे नव्या वर्षाला, बेने इस्राएल घरांत चिकाचा हलवा होतो. गहू भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो निवू द्यायचा, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचे. पिळल्यावर फडक्यात जो चिवट, रबरासारखा चोथा उरतो, त्यातच बरेचसे ग्लूटेन असते. त्याच चिवटपणाच्या जाळ्यात यीस्टचा वायू अडकतो आणि पाव फुगतो, त्याच्यामुळेच पिठाच्या दोऱ्या वळून वेणी घालता येते. चिकात मात्र थोडे ग्लूटेन शिल्लक राहतेच, त्यामुळे हा हलवा सीलिअक माणसाला बाद. आता अनेक घरांत तो कॉर्नफ्लॉवरचा करतात. सोय म्हणून सुरू झालेली ही पळवाट इथे पथ्यालाही उपयोगी पडते.

जाळे नसेल तर वायू धरायचा कशात? याचे उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीत आणि खाली सावंतवाडी-मालवणच्या पट्टीत रोज सकाळी आंबोळीच्या रूपात तव्यावर पडते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर, महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. भात आणि नाचणी हा इथल्या शेतीचा कणा. इथे ज्यू वस्ती नव्हती, पण ज्यू सीलिअक घराला हवे असलेले तंत्र मात्र आहे. आंबोळीच्या पिठात तांदळाबरोबर उडीद आणि मेथ्या पडतात, त्या चवीपुरत्या नाहीत. उडदाचा बुळबुळीत चिकटपणा आणि त्यातली प्रथिने मिळून आंबताना सुटणारा वायू धरून ठेवतात, मेथीचा गोंद त्याला साथ देतो. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या गारठ्यात पीठ लवकर वर येत नाही, मग भांडे चुलीच्या उबेला सरकते. आंबलेले पीठ बिडाच्या तव्यावर गेले की जाळी सुटते. ही जाळी म्हणजेच अडकलेला वायू.

तांदळाच्या भाकरीची युक्ती निराळी. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची आणि गरम असतानाच मळायची. साधारण ७० अंशांच्या पुढे तांदळाचा स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि स्वतःच गोंद होतो, म्हणून कडा न फुटता भाकरी थापता येते. ग्लूटेनमुक्त बेकरीत याच कामाला इसबगोलाची भुशी वापरतात. तिची मोठी बाजारपेठ गुजरातेत उंझ्याला आहे. न्यूयॉर्कच्या कोशर बेकरीतल्या ग्लूटेनमुक्त पावात बहुधा उत्तर गुजरातचाच चिकटपणा असतो.

इथवर कोकण जिंकते. कायद्याच्या कोड्यात मात्र हरते.

तांदळाच्या भाकरीवर भाकरीचा आशीर्वाद म्हणता येत नाही. तिचा आशीर्वाद वेगळा, शिजवलेल्या धान्यपदार्थांचा. हा वाद जुना आहे. तल्मूद या धर्मशास्त्रग्रंथात रब्बी योहानान बेन नूरी तांदळाला धान्यांतच धरतात, बाकीचे पंडित मान्य करत नाहीत आणि बहुमत टिकते. इथिओपियाच्या ज्यूंची टेफ या धान्याची भाकरी, इंजेरा, हीसुद्धा याच नियमाने यादीबाहेर राहते. मिश्नात, म्हणजे तल्मूदच्या मूळ संहितेत, तांदूळ आणि गहू एकत्र भिजवण्याचीही तरतूद आहे: त्या मिश्रणाला गव्हाची चव येत असेल तर ते भाकरीत धरले जाते. तोडगा म्हणून सुंदर, पण ज्याला गरज आहे त्यालाच तो खाता येत नाही.

पाचांपैकी चार धान्ये अशी बाद होतात. स्पेल्ट हा गव्हाचाच भाऊ, ‘प्राचीन धान्य’ म्हणून कितीही महाग विकला तरी. उरतो ओट. त्याचे प्रथिन वेगळे असल्याने तो बहुतेक सीलिअक रुग्णांना सोसतो, काही थोड्यांना नाही. शिवाय मिश्नातले ते पाचवे धान्य खरेच ओट होते की बार्लीचा एखादा प्रकार, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रचलित परंपरा ओटच धरते आणि त्यावर चालते. लंडनचे रब्बी एफ्राइम केस्टनबाऊम यांनी घरातल्याच गरजेतून ओटचा मत्सा घडवला. पेसाहच्या रात्री ज्यांना गव्हाचा तुकडाही चालत नाही, अशा अनेकांचे विधी त्यामुळे पार पडतात.

भारतात खरा अडसर भेसळीचा नसून सोबतीचा आहे. ओट गव्हाशेजारच्या शेतात पिकतो, त्याच ट्रकात आणि त्याच गिरणीत जातो. भारतीय नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. नाश्त्याच्या साध्या ओटच्या पाकिटावर हा शब्द नसेल तर ते घेऊ नये. कोपऱ्यावरच्या गिरणीतून तांदूळ दळून आणला तरी धोका तोच, कारण आधी तिथे कुणाचा तरी गहू दळलेला असतो. लाकडी पोळपाट वेगळा हवा. आणि हिंग! बाजारातल्या बांधणी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. घरभर शोधूनही दुखणे का थांबत नाही, याचे उत्तर कधी कधी फोडणीच्या डब्यात सापडते.

प्रत्यक्ष खल्ला असा होतो: ओटचे पीठ मुख्य, इसबगोल, अंडी, तेल, थोडी साखर, यीस्ट. ओट जेमतेम नावाला घालून बाकी तांदूळ भरला तर आशीर्वादाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून घरोघरच्या कृतींपेक्षा आपल्या रब्बीला प्रमाण विचारलेले बरे. पीठ कणकेसारखे होत नाही. भज्यांच्या पिठाहून जरा घट्ट, चमच्याला चिकटणारे असे होते. त्याची वेणी घालता येत नाही, म्हणून ते वेणीच्या आकाराच्या सिलिकॉन साच्यात ओततात. तिळाखाली ती वेणी खरी वाटते. भाजल्यावर पूर्ण गार होण्याआधी कापला तर आतून चिकट लागतो, आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. चवीत तो गव्हाच्या खल्ल्याची बरोबरी करत नाही. करतो असे सांगणाऱ्या पाककृतींवर विश्वास ठेवू नये.

म्हणून एक व्यवस्था सोयीची वाटते. आशीर्वादापुरते ओटचे दोन लहान खल्ले असावेत. त्यांवर भाकरीचा आशीर्वाद झाला की जेवणातल्या इतर पदार्थांना तो पुरतो, म्हणून त्याच ताटात मग तांदळाची भाकरी, घावन किंवा आंबोळी खुशाल वाढावी. पेसाहलाही बेने इस्राएलांना तांदूळ वर्ज्य नाही. अश्केनाझी, म्हणजे मध्य युरोपीय परंपरेच्या घरांत तो त्या आठवड्यात बहुधा बंद असतो, तेव्हा तिथल्या सीलिअक माणसापेक्षा अलिबागच्या इस्राएल आळीतला माणूस जास्त पोटभर जेवतो.

आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडताना, लग्नाआधी, गृहप्रवेशाला जो मलिदा होतो, त्यात गव्हाचा कण नाही. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा आणि ताटाभोवती फळे. त्यासाठी कुठल्याही घराला काहीच बदलावे लागत नाही, फक्त पोह्यांचे पाकीट गव्हापासून लांब ठेवावे लागते.