फिल्टर लावला, तरी साइट उघडते कशी?

ओळखीच्या घरांतून मला वारंवार विचारले जाणारे दोन प्रश्न आहेत. पहिला : "राउटरवर फिल्टर लावला आहे, तरी मुलांच्या फोनवर नको त्या साइट उघडतात. असं कसं?" आणि दुसरा अगदी त्याच्या उलट : "फिल्टर लावल्यापासून चांगली साइटही उघडत नाही. आता काय करू?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं. त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही. हा फिल्टर नेमका कुठे बसतो आणि काय करतो, एवढं डोळ्यांसमोर आलं की पुरे.

जुन्या टेलिफोनचे दिवस आठवून बघा. कोणाचा नंबर माहीत नसला, की आपण १९७ फिरवत असू. पलीकडच्या ऑपरेटरला नाव सांगायचं, त्यानं नंबर द्यायचा आणि मग तो नंबर आपण स्वतः फिरवायचा. इंटरनेटवर आजही हेच चालतं. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण संगणकांना एकमेकांशी बोलायला आकड्यांचा पत्ता लागतो. नाव घेऊन पत्ता सांगणारी ही व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. तिचा आराखडा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडला. त्याआधी अर्पानेट या जाळ्यावरच्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहून ठेवलेले असत. जाळं वाढलं, तशी ती एक वही पुरेनाशी झाली.

आता असं समजा, की या ऑपरेटरला कोणी बजावून ठेवलं आहे : "अमुक नावांचे नंबर या घराला द्यायचे नाहीत." झाला फिल्टर! ओपनडीएनएस ही सेवा २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये तिनं घरांसाठी 'फॅमिली शील्ड' आणलं. २०१५ मध्ये ती कंपनी सिस्कोनं विकत घेतली. क्लाउडफ्लेअरनं २०२० मध्ये अशीच कुटुंबांसाठीची सेवा सुरू केली. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात फॅमिली शील्डसाठी २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३ किंवा क्लाउडफ्लेअरसाठी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरायचे. पैसे लागत नाहीत. घरातला प्रत्येक फोन आणि लॅपटॉप वायफायला जोडला गेला, की राउटर त्याला सांगतो, "पत्ते या ऑपरेटरला विचार." एकदा सेटिंग केलं की घरभर लागू, ही याची मोठी सोय.

पण याच सोयीत मर्यादाही आहे. ऑपरेटर फक्त नंबर नाकारतो. फोन लागू न देणं त्याच्या हातात नाही. नंबर दुसरीकडून मिळाला, तर फोन लागणारच. शिवाय त्याला फक्त नाव कळतं. एखाद्या व्हिडिओच्या साइटवर आपण कोणता व्हिडिओ बघतो आहोत, हे त्याला दिसत नाही. म्हणून फिल्टर चालत नाही असं वाटलं, की एकच प्रश्न विचारायचा : या फोननं पत्ता विचारला कोणाला? फिल्टर कसा फसतो आहे ते नीट पाहिलं, तर या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्यातूनच मिळतं.

समजा, सेटिंग आत्ताच बदललं आणि काहीच फरक पडला नाही. घाबरू नका. एकदा विचारलेला पत्ता फोन आणि ब्राउझर काही काळ लक्षात ठेवतात, म्हणजे मिळालेला नंबर आपण डायरीत लिहून ठेवावा तसं. राउटर आणि फोन दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करा, मग तपासा. तपासण्यासाठी अश्लील साइट उघडून बघायची गरज नाही. फिल्टरची सेवा देणाऱ्यांनी चाचणीसाठी निरुपद्रवी पानं ठेवलेली असतात, ती वापरावीत.

समजा, घरातल्या कुठल्याच फोनवर फिल्टर लागत नाही. मग सेटिंग फोनपर्यंत पोचतच नाही. पुष्कळ घरांत दोन यंत्रं असतात : इंटरनेट कंपनीनं बसवलेला फायबरचा मोडेम आणि आपण विकत आणलेला राउटर. दोन्हींचं वायफाय चालू असतं. आपण फिल्टर राउटरवर लावतो आणि घर मोडेमच्या वायफायवर असतं. मोडेमचं वायफाय बंद केलं की काम झालं. काही कंपन्यांच्या मोडेममध्ये डीएनएस बदलूच देत नाहीत. तिथे आपला वेगळा राउटर लावावा, नाहीतर प्रत्येक फोनवर सेटिंग करावं. तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही. इंटरनेटचे पत्ते आता दोन पद्धतींचे आहेत, जुने आयपीव्ही४ आणि नवे आयपीव्ही६. भारतात नव्या पद्धतीचा वापर बराच आहे. राउटरमध्ये दोन्हींसाठी डीएनएसचे रकाने वेगवेगळे असतात. आपण जुन्याच रकान्यात फिल्टर भरला, तर नव्या रकान्यात कंपनीचा ऑपरेटर तसाच बसलेला असतो आणि फोन त्याला विचारून मोकळे होतात. फिल्टरचे आयपीव्ही६ पत्तेही मिळतात. ते भरायला हवेत.

समजा, तीच साइट कधी उघडते आणि कधी उघडत नाही. अशा वेळी डीएनएसचा दुसरा रकाना बघा. पहिल्या रकान्यात फिल्टरचा पत्ता आणि दुसऱ्यात "असू द्या अडीअडचणीला" म्हणून गूगलचा ८.८.८.८, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. लोकांना वाटतं, पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारलं जाईल. तसा नियम नाही. उपकरणं दोघांपैकी कोणालाही विचारू शकतात. आणि गूगलच्या ऑपरेटरला आपल्या घराचं बजावणं ठाऊक नाही. दोन्ही रकान्यांत एकाच फिल्टरचे पत्ते हवेत.

समजा, चार दिवस सगळं ठीक चाललं आणि पाचव्या दिवशी फिल्टर गायब झाला. इथे आधी राउटर उघडून बघा. नेटवाल्यानं दुरुस्तीच्या वेळी तो रीसेट केला असेल, तर आपले आकडे पुसले गेलेले असतात. आकडे जागेवर असतील, तर आपण खातं उघडून वापरायचा फिल्टर घेतला आहे का, ते बघा. अशा काही सेवा आपलं घर इंटरनेटवरच्या त्याच्या पत्त्यावरून ओळखतात. आपल्याकडे घरगुती जोडणीचा हा पत्ता बदलत राहतो. पुष्कळ कंपन्या तर अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. पत्ता बदलला, की ऑपरेटर आपल्याला ओळखत नाही आणि सगळे नंबर देत सुटतो. फॅमिली शील्ड किंवा १.१.१.३ यांना अशी ओळख लागत नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम असतो. पत्ता बदलणाऱ्या घरांना हाच प्रकार सोयीचा.

आणि समजा, बाकी सगळ्यांना फिल्टर लागतो, फक्त एकाच फोनला लागत नाही. मग कारण त्या फोनमध्येच आहे. सर्वांत साधं कारण म्हणजे तो फोन वायफायवर नसतोच, सिमकार्डच्या डेटावर असतो. राउटरचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरं कारण व्हीपीएन. त्यात फोनचं सगळं बोलणं बंद पाकिटातून दुसऱ्याच एक्स्चेंजकडे जातं. तिसरं कारण खासगी डीएनएस. अँड्रॉइड ९ या २०१८ मधल्या आवृत्तीपासून फोनमध्ये हे सेटिंग आहे. तिथे दुसऱ्या ऑपरेटरचं नाव लिहिलेलं असेल, तर फोन राउटरला बाजूला ठेवून त्यालाच विचारतो, तेही सांकेतिक भाषेत. ब्राउझरमध्येही 'सुरक्षित डीएनएस' नावाची अशीच सोय असते.

ही सोय मुलांना पळवाट मिळावी म्हणून केलेली नाही. आपण कोणत्या साइटचं नाव विचारतो, हे हॉटेलातल्या वायफायवाल्याला किंवा मधल्या कोणालाही वाचता येऊ नये, हा तिचा हेतू. यावरून वादही झाला. ब्रिटनमधल्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेनं २०१९ मध्ये फायरफॉक्सच्या निर्मात्या मोझिलाचं नाव 'इंटरनेटचे खलनायक' या यादीत घातलं होतं. फिल्टर निकामी होतील, हा त्यांचा आक्षेप. टीका झाल्यावर ते नाव मागे घेतलं गेलं. खासगीपण आणि पालकांची देखरेख या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात.

गंमत म्हणजे याच खिडकीचा आपल्यालाही उपयोग होतो. मुलाच्या फोनमधल्या खासगी डीएनएसच्या रकान्यात फिल्टर देणाऱ्या सेवेनंच दिलेलं नाव लिहिलं, की फिल्टर फोनबरोबर घराबाहेरही जातो आणि सिमच्या डेटावरही चालतो.

अंदाज करत बसण्यापेक्षा खात्री करायची असेल, तर विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एनएसलुकअप' ही आज्ञा आणि पुढे साइटचं नाव द्यावं. उत्तराच्या सुरुवातीलाच कोणत्या ऑपरेटरनं उत्तर दिलं ते दिसतं. तिथे राउटरचाच पत्ता दिसला, तर राउटर पुढे कोणाला विचारतो ते त्याच्या सेटिंगमध्ये बघावं. त्याखाली साइटचा पत्ता येतो. क्लाउडफ्लेअरचा फिल्टर अडवलेल्या नावासाठी ०.०.०.० असं उत्तर देतो. काही सेवा त्याऐवजी स्वतःच्या सूचनापानाचा पत्ता देतात. मग ब्राउझरला मालक वेगळाच दिसतो आणि तो 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा देतो. लोकांना वाटतं व्हायरस आला. प्रत्यक्षात फिल्टर आपलं काम करत असतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. चांगली साइट का अडते? कारण नावांच्या याद्या यंत्रं आणि माणसं मिळून करतात आणि त्या चुकतात. क्लाउडफ्लेअरची सेवा १ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, त्याच दिवशी समलिंगी व्यक्तींना माहिती आणि आधार देणाऱ्या अनेक साइट तिनं अडवल्या. कंपनीनं चूक कबूल करून ती दुरुस्त केली. पण आपल्या घरात अशी चूक झाली, तर ती सांगणार कोण?

माझ्या माहितीतल्या एका घरात दहावीतली मुलगी पाळीच्या त्रासाबद्दल वाचू पाहत होती. पान उघडलं नाही. तिला फिल्टर ठाऊक नव्हता. तिनं अर्थ असा लावला, की आपण काहीतरी वाईट विचारलं आणि घरच्यांना ते कळलं. कित्येक दिवस ती कोणाशी त्याबद्दल बोलली नाही. यंत्राच्या हिशेबानं सगळं सुरळीत चालू होतं. त्या घराला पुढे खातं असलेली सेवा घ्यावी लागली, कारण अडवलेलं एखादं नाव आपल्यापुरतं मोकळं करण्याची सोय तिथेच असते. १.१.१.३ सारख्या एकसाची फिल्टरमध्ये ती नसते.

म्हणून फिल्टर लावायचा तर घरात सांगून लावावा. काय अडवलं आहे, का अडवलं आहे आणि कामाचं पान अडलं तर कोणाला सांगायचं, हे मुलांना माहीत हवं. लहान मुलांना चुकून नको तिथे जाण्यापासून हा फिल्टर चांगलं वाचवतो. ठरवून जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला तो अडवू शकत नाही, त्यासाठी त्याच्याशी बोलावंच लागतं. आणि लावून विसरून जाऊ नका. महिन्यातून एकदा घरातल्या प्रत्येक फोनवर चाचणीचं पान उघडून बघा. फिल्टर नाही हे माहीत असलेलं घर निदान सावध असतं. फिल्टर आहे असं समजून निर्धास्त राहिलेल्या घराला तीही सावधगिरी उरत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)