सातबाऱ्यावरील नाव आणि बँकेतील अनुदान

शेतकऱ्यासाठी मंजूर झालेली शासकीय मदत पूर्वी अनेक हातांतून जात असे. हा मार्ग बदलावा म्हणून केंद्र शासनाने १ जानेवारी २०१३ पासून अनुदानाची रक्कम थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली.

यातील प्रमुख योजना म्हणजे २०१९ साली सुरू झालेला प्रधानमंत्री किसान सन्मान निधी. यात पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देण्याचे ठरले. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अल्पवयीन मुले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली.

रक्कम मिळण्यासाठी सातबाऱ्यावर नाव, बँक खात्याशी आधारची जोडणी आणि ई-केवायसी या तिन्ही गोष्टी पूर्ण असाव्या लागतात. एकाहून अधिक खाती असल्यास, अनुदानासाठी ज्या खात्याला आधार शेवटी जोडला, त्यातच पैसे जातात. म्हणून हप्ता आला नाही असे वाटल्यास आधी दुसरे खाते तपासावे.

मात्र सर्वांत महत्त्वाची अट सातबाऱ्याची आहे. दुसऱ्याची जमीन ठेक्याने वा बटईने कसणारा आणि शेतमजूर या निधीच्या बाहेर राहतात. आपल्या समाजात भूमिहीनांची संख्या मोठी असल्याने ही अट आपल्याला अधिक जाणवते. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तो याच जमिनीच्या हक्कासाठी. त्यांच्या नावाच्या राज्य योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्धांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांनीही गाफील राहू नये. इतवारीत राहणाऱ्या अनेकांची शेती मौदा, कुही, उमरेड तालुक्यांत आहे आणि सातबाऱ्यावर अजून दिवंगत आजोबांचेच नाव असते. मृत व्यक्तीच्या नावे हप्ता मिळत नाही. वारसाहक्काने जमीन आल्यावर तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. ही नोंद करताना आई, पत्नी व बहिणी यांची नावे वगळू नयेत.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या घरचा सातबारा एकदा स्वतः वाचावा, व ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो वाचून दाखवावा.