घरचा आवाज



सातवीतला मुलगा संध्याकाळी घरी येतो, दप्तर कोपऱ्यात टाकतो आणि मुकाट्याने खिडकीशी जाऊन बसतो. "काय झालं रे?" असे आईने विचारले, तर "काही नाही" एवढेच उत्तर मिळते. झालेले असते ते इतकेच की, मधल्या सुट्टीत रोजच्या सोबत्यांनी त्याला खेळात घेतलेले नसते. वडीलधाऱ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते.

ती तशी नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली काही तरुणांना संगणकावर चेंडूफेकीचा एक साधा खेळ खेळावयास दिला. थोड्या वेळाने त्यांच्याकडे चेंडू येईनासा झाला. तेव्हा त्यांच्या मेंदूचा जो भाग जागृत झालेला दिसला, तोच शारीरिक वेदनेचा क्लेश होतानाही जागृत होतो. सोबत्यांचे वागणे मनाला 'लागले' असे आपण म्हणतो, तो केवळ भाषेचा अलंकार नव्हे. बाराव्या-तेराव्या वर्षी तर मूल स्वतःला सोबत्यांच्याच नजरेने पाहू लागलेले असते.

मग आईबापांनी काय करावे? याविषयी एक प्रयोग मोठा बोधप्रद आहे. २०१० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सात ते बारा वर्षांच्या ६१ मुलींना परक्या माणसांपुढे भाषण करावयास व तोंडी गणिते सोडवावयास लावले. ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य त्यांच्या शरीरात वाढले. नंतर काहींना आईने जवळ घेतले. काहींशी ती केवळ दूरध्वनीवरून बोलली. उरलेल्यांना आईची भेट न घडवता चित्रपट दाखवला. पहिल्या दोन्ही गटांतील मुलींचा ताण लवकर ओसरला. तिसऱ्या गटात तो रेंगाळला. २०१२ साली असेही आढळले की, आईशी केवळ लेखी संदेशांनी संवाद साधलेल्या मुलींना हा दिलासा मिळाला नाही. शब्द आईचेच होते. आवाज मात्र नव्हता.

हे प्रयोग मुलींपुरते व मातांपुरते होते. पण त्यांतील मर्म प्रत्येक घराने जाणावे असे आहे. आईबापांची माया मुलाचे भांडण मिटवीत नाही. उद्या तेच मैदान, तेच सोबती असतात. परंतु क्षुब्ध मन शांत झाले, म्हणजे त्या भांडणाचा विचार करण्याचे बळ मुलाला स्वतःलाच येते. "त्यात काय एवढे?" किंवा "तूच काहीतरी केले असशील" या वाक्यांनी ते येत नाही, उलट पुढच्या वेळी "काही नाही" हेच उत्तर अधिक पक्के होते. छळ रोजचाच झाला, तर शिक्षकांकडे जाणे हे पालकांचे कर्तव्यच. तरी त्याची वार्ता कानी येण्यासाठीही मुलाने आधी बोलावयास हवे.

म्हणून प्रश्नांची सरबत्ती नको. ताट वाढावे, शेजारी बसावे, दिवसभरातले काही साधे बोलावे आणि वाट पाहावी. उंचीने खांद्याला लागलेल्या मुलालाही घरचा आवाज हवाच असतो. तो मागण्याचा संकोच तेवढा त्याला नव्याने वाटू लागलेला असतो.