पेटत्या ट्यूबचा बिघाड

धारवाडच्या यत्तिनगुड्ड परिसरात कृषी महाविद्यालय सुरू झाले १९४७ साली, हा भाग मुंबई प्रांतात असताना. १ ऑक्टोबर १९८६ रोजी तिथेच कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. पुढे जैवतंत्रज्ञान हा तिथल्या शिक्षणाचा आणि संशोधनाचा एक विषय झाला. या विषयातले ऊतिसंवर्धन, म्हणजे बाटलीत रोपे वाढवणे, जिथे जिथे हाताने केले जाते तिथे एक बंद खोली लागते. तिला सगळे ‘ग्रोथ रूम’च म्हणतात. खोलीला खिडकी नसते, तापमान २५ अंशांच्या आसपास धरलेले असते आणि रॅकच्या फळ्यांवर केळीची, उसाची बोटभर रोपे बाटल्यांत वाढत असतात. सूर्याचे काम प्रत्येक फळीवर टांगलेल्या चार फुटी ट्यूब करतात. टायमर त्या सोळा तास चालू ठेवतो आणि आठ तास बंद. खोलीतले सगळ्यात महागडे यंत्र म्हणून कोणी ट्यूबकडे बोट दाखवणार नाही आणि सगळ्यात कमी लक्षही तिच्याचकडे जाते. ती बंद पडली की वायरमनला हाक मारायची, पेटत असेल तर ठीक आहे असे धरायचे, हा सर्रास शिरस्ता आहे. हाच शिरस्ता चुकीचा आहे. रोपांचे खरे नुकसान करते ती पेटत राहिलेली ट्यूब. बंद पडलेली तर कोणाच्याही डोळ्यांत भरते.

बंद पडलेल्या ट्यूबचे निदान अवघड नाही, कारण तिच्यात तक्रार करणारे भाग मोजकेच आहेत. नळीत अत्यल्प पारा आणि आर्गॉन वायू असतो. दोन्ही टोकांना टंगस्टनची तापतार असते आणि तिच्यावर बेरियम वगैरेंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. विजेने चेतलेला पारा मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतो आणि नळीच्या आतल्या पांढऱ्या भुकटीचा थर त्याचा दिसणारा उजेड करतो. स्टार्टरच्या डबीत निऑनचा इवलासा दिवा असतो. त्यातली दुहेरी धातूची पट्टी तापून वाकते, टोकांच्या तारांना वीज देते आणि उघडताक्षणी चोक जोराचा धक्का देऊन ट्यूब पेटवतो. एवढे कळले की लक्षणे आपोआप बोलतात. दोन्ही टोके केशरी तापून राहिली पण ट्यूब पेटत नाही, तर स्टार्टर चिकटला आहे. तो फिरवून काढताच ट्यूब पेटली, की निदान पक्के. टोके काळी पडून ट्यूब लपलपत असेल तर तारांवरचा लेप संपत आला आहे. काहीच हालचाल नसेल तर होल्डर सैल आहे, तार तुटली आहे किंवा चोक आतून तुटला आहे. नवी ट्यूब लावताच तिची टोके जळली तर चोक आतून शॉर्ट झाला आहे, आणि तिसरी ट्यूब लावून पाहणे म्हणजे तीही घालवणे. चालू पट्टीवरची ट्यूब आणि स्टार्टर इकडे, इकडचे तिकडे, अशी अदलाबदल केली की दहा मिनिटांत दोषी सापडतो.

मात्र या तपासात ‘पेटली’ म्हणजे ‘बरी झाली’ असे गृहीत धरलेले असते आणि ग्रोथ रूममध्ये ते टिकत नाही. जुन्या पद्धतीच्या भुकटीच्या ट्यूबचा उजेड तिच्या आयुष्यात पाव भागाच्या आसपास घटतो. त्रिरंगी भुकटीच्या ट्यूबमध्ये ही घट बरीच कमी असते, पण असते. शिवाय ट्यूबचे छापील आयुष्य साधारण तीन तासांच्या चक्राने, म्हणजे वारंवार पेटवून-विझवून मोजलेले असते. ग्रोथ रूममध्ये ती दिवसातून एकदाच पेटते. तारांवरचा लेप झिजतो तो मुख्यतः पेटताना, म्हणून इथली ट्यूब तासांच्या हिशेबाने जास्त टिकते. भुकटी मात्र वर्षाला ५,८४० तास झिजतच असते. म्हणजे जिथे उजेडाची गरज सर्वाधिक, तिथेच ट्यूब उजेड गमावूनही मरायला तयार नसते. त्यात काचेवर बसलेली धूळ आणि संध्याकाळी उतरणारा विजेचा दाब यांची भर पडते. साध्या लोखंडी चोकवर दाब घसरला की उजेडही घसरतो. माणसाचा डोळा यातले काहीच सांगत नाही. बाहुली रुंदावते आणि ७० टक्के उजेडही त्याला पूर्ण वाटतो.

रोपाने तरी तक्रार करावी, तर तीही चुकीच्या पत्त्यावर जाते. तोशियो मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी १९६२ साली मांडलेले, बाटलीतल्या रोपांसाठीचे पोषक माध्यम आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जाते. त्यात लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते. बाटलीतले रोप आपले अन्न पुरते स्वतः करत नाही, ते साखरेवर जगते. त्यामुळे उजेड तिसऱ्या हिश्शाने घटला तरी रोप मरत नाही. ते फक्त लांबट होते, फिकट पडते, पाने बारीक राहतात. फिकटपणा लोहाच्या कमतरतेनेही येतो, लांबटपणा संप्रेरकांच्या प्रमाणानेही. मग दोष माध्यम बनवणाऱ्यावर जातो, कृती बदलली जाते, आणि चार आठवड्यांनी नव्या बाटल्यांतही तेच दिसते. खरा हिशेब चुकता होतो तो बाटलीबाहेर. साखरेचा आधार सुटतो, रोप कोकोपीटमध्ये जाते, आणि अशक्त पानांचे रोप तिथे मान टाकते. तोवर दोष देण्यासारखी कारणे इतकी जमलेली असतात, पाणी, बुरशी, ऊन, की सहा महिन्यांपूर्वीची ट्यूब कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. बाटल्यांच्या झाकणाखाली साचणाऱ्या थेंबांचेही तसेच. खालच्या फळीच्या ट्यूब आणि चोक वरच्या फळीचा तळ तापवतात, वर गार राहिलेल्या काचेवर वाफेचे थेंब होतात आणि आर्द्रतेने रोपे काचेसारखी पाणचट होतात. तिथे चोक खोलीबाहेर नेणे हा उपाय माध्यम बदलण्यापेक्षा आधी करून पाहावा.

तेव्हा उजेड मोजायला हवा आणि तो घटला की पेटती ट्यूबही बदलायला हवी. यावर पहिला आक्षेप असा की उजेड मोजायचे स्वस्तातले यंत्र म्हणजे लक्समीटर. तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो, रोपाच्या नाही. आक्षेप खरा आहे. लक्स हिरव्या उजेडाला जास्त भाव देतो, रोप ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळे प्रकाशकण वापरते. पण एकाच जातीच्या ट्यूब आपसात ताडायच्या असतील तर लक्स पुरेसा आहे. थंड-पांढऱ्या ट्यूबसाठी ७४ लक्स म्हणजे दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे एक मायक्रोमोल, हे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे ३,००० लक्सच्या फळीवर सुमारे ४० मायक्रोमोल. फळीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना मोजले की फरक लगेच कळतो, कारण ट्यूबच्या टोकांशी उजेड नेहमीच मध्यापेक्षा कमी असतो. टोकाच्या बाटल्या महिनोन्‌महिने तिथेच राहिल्या तर त्यांची रोपे मागे पडणारच. दुसरा आक्षेप खर्चाचा. पेटणारी ट्यूब फेकणे उधळपट्टी वाटते. पण ट्यूबची किंमत एका बाटलीशी न ताडता फळीवरच्या सगळ्या बाटल्यांच्या मजुरीशी आणि माध्यमाशी ताडली, तर उधळपट्टी कशाला म्हणायचे ते उलटते. शिवाय काढलेली ट्यूब जिन्यात, गोदामात लावता येते. तिथे माणूसच पाहणार असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. एलईडी आले, मग या जुन्या ट्यूबवर एवढा काथ्याकूट कशाला? पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेने फ्लोरोसंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे ठरवले आहे आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. तेव्हा ट्यूब जाणार, हे नक्की. पण दोष ट्यूबबरोबर जाणार नाही. एलईडीचे आयुष्य मोजायची रूढ रीतच मुळी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे तास अशी आहे. म्हणजे तज्ज्ञांनी ‘निकामी’ची व्याख्या अंधारावर ठेवलेली नाही, घटीवर ठेवली आहे. एलईडी बहुधा विझतच नाही, त्यामुळे तिची घट आणखी शांतपणे होते. जुन्या पट्टीत एलईडीची नळी घालताना चोक वा स्टार्टर तसेच राहिले, तर त्यात जोडणीचा गोंधळही मिसळतो.

म्हणून ग्रोथ रूममधल्या दुरुस्तीची सुरुवात टेस्टरने न करता वहीने करावी. प्रत्येक ट्यूबच्या टोकाला लावल्याची तारीख लिहावी, प्रत्येक फळीचे तीन ठिकाणचे लक्स महिन्यातून एकदा टिपावेत, दर वेळी मीटर तोच आणि वेळही तीच ठेवावी. पहिल्या नोंदीपासून पाव भाग घट दिसली की आधी काच पुसावी, मग दाब पाहावा, मग ट्यूब बदलावी. माध्यमाच्या कृतीला हात त्यानंतर लावावा. हा क्रम पाळला तर वायरमन आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ यांच्यातली हद्दही बदलते. ट्यूब पेटते की नाही हे वायरमनने पाहावे, तिचा उजेड पुरतो की नाही हे तंत्रज्ञाने. दुसरा प्रश्न वायरमनवर सोपवला, तर त्याचे उत्तर कोणीच देत नाही.