बिल थकले? कायदा आपल्या बाजूने आहे

भोसरी-चाकणच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या आपल्या तरुणांचा धंदा अनेकदा काम नसल्याने नव्हे, बिल अडकल्याने बुडतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते.

त्यासाठी माल देण्यापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी करा. ती मोफत आहे. एजंटाला पैसे देऊ नका. ऑर्डर लेखी घ्या, चलनावर सही-शिक्का घ्या. तरीही पैसे थकले, तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करा.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी कमाईचे चार भाग सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, एक अडचणीसाठी. हा चौथा भाग गाठीशी असेल, तरच हक्काचे पैसे ठामपणे मागता येतात.